आर्टिचोकच्या चहावरचा आळ

चहा पिऊन थुंकायचा पगार मिळतो, हे सांगितलं की पाहुणे आधी हसायचे आणि मग गंभीर होऊन विचारायचे, "ते झालं हो, पण काम काय करता?" जीभराव न चिडता पुन्हा तेच सांगायचे. खरं नाव त्यांचं वेगळं होतं, पण ते हजेरीपुरतं उरलं होतं. चहाच्या कारखान्यात दरवानापासून मालकांपर्यंत सगळे त्यांना जीभराव म्हणत. म्हणताना आवाजात चेष्टा असायची, नाही असं नाही, पण ती जपून केलेली चेष्टा. कारण कुठला माल घ्यायचा, कुठला परत पाठवायचा आणि कशात काय मिसळायचं हे सगळं त्या एका जिभेवर ठरायचं. ती बिघडली तर सगळ्यांच्याच चुली थंड पडल्या असत्या.

चाखणीची खोली वरच्या मजल्यावर होती. लांबलचक टेबल, त्यावर पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येक कपामागे कोरड्या पत्तीचा उघडा डबा. किटली उकळली की सगळ्या कपांत सारखं पाणी पडायचं, वर झाकणं बसायची, आणि मग जीभराव चमचा घेऊन एका टोकाला उभे राहायचे. घोट असा ओढायचे की खाली पॅकिंगच्या बायका एकमेकींना म्हणायच्या, "झालं, सुरू झालं यांचं!" तो घोट हवेसकट टाळूवर आपटला पाहिजे, त्याशिवाय चव कळत नाही. मग पच्चकन बाजूच्या उंच पिकदाणीत थुंकायचं आणि पुढचा कप. पाय थांबायचे नाहीत. "पोकळ." "जास्त भाजलाय." "हा बरा आहे, पण एकटा चालणार नाही." "हा ओला झाला होता, परत पाठवा." बास, एवढंच बोलणं. शेजारी उभा असलेला कारकून लिहून घ्यायचा आणि त्यावर कुणी वाद घालायचं नाही.

आता अशी जीभ सांभाळायची म्हणजे काही गंमत आहे का? घरात लसूण नाही, कच्चा कांदा नाही, तिखट नाही. वासाचा साबण नाही, अत्तर नाही. पोटी मूल नव्हतं, त्यामुळे लाड करायला घरात एक जीभ तेवढी होती. बायकोनं तेही गोड मानून घेतलं. "माझी सवत आहे या घरात," ती शेजारणींना सांगायची, "आणि मेली राहते यांच्या तोंडात!" तिला स्वतःला लसूण जीव की प्राण. मग काय, धाकट्या बहिणीकडे गेली की पोटभर लसूण घातलेलं जेवायची आणि घरी आल्यावर नवऱ्यापासून चार हात लांब बसायची. जीभरावांना दारातूनच कळायचं. "जेवलीस वाटतं बहिणीकडे?" असं ते विचारायचे आणि ही लाजायची. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी लाजायची.

पोटाचं दुखणं सुरू झालं ते अगदी साध्या तऱ्हेनं. दोन घास पोटात गेले की पोट नगाऱ्यासारखं टम्म व्हायचं. करपट ढेकर यायचे. बरगड्यांच्या खाली काहीतरी अडकून बसल्यासारखं वाटायचं. वय झालं, बैठं काम नाही पण चालणंही नाही, असं म्हणून जीभरावांनी काही महिने काढले. मग बायकोनं दंडाला धरून गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयानं लहान पण बोलायला चांगले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, वजन किती उतरलं ते विचारलं आणि म्हणाले, "एकदा दुर्बिणीनं आतून बघून घेऊ. घाबरायचं काही नाही. घशात बधिर करायच्या औषधाचा फवारा मारतात, जीभ-घसा थोडा वेळ सुन्न होतो, आणि बारीक नळी आत सोडतात."

जीभराव ताडकन उठून बसले. नळीला ते घाबरले नाहीत. दुर्बिणीत काय दिसेल याचीही भीती त्यांना त्या घटकेला वाटली नाही. त्यांच्या कानात एकच शब्द अडकला, सुन्न. "जिभेवर फवारा?" त्यांनी विचारलं.

"थोडा वेळच हो. नंतर उतरतं."

"सगळ्यांचं उतरतं? पूर्ण उतरतं?"

डॉक्टरांना हा प्रश्न कुणी कधी विचारला नसावा. ते हसले. आणि तिथंच चुकलं. जीभरावांना वाटलं, या माणसाला जीभ म्हणजे काय हेच ठाऊक नाही. नव्या मालाचा हंगाम तोंडावर आला होता. वर्षभराची खरेदी त्या काही आठवड्यांत व्हायची. अशा वेळी जिभेवर कसलाही फवारा मारून घ्यायचा? हंगाम संपू दे, मग बघू, असं म्हणून ते बाहेर आले. बायको रस्ताभर बोलत होती. त्यांनी कानाआड केलं.

जगात दुसऱ्या कुठल्या माणसानं या कारणासाठी तपासणी टाळली असती? कुणीच नाही. एखाद्याला सुट्टी मिळत नाही, एखादा भित्रा असतो. हे भित्रे नव्हते. पण ज्या जिभेनं त्यांना माणसांत मान दिला तिच्यावर परक्या हातानं औषध मारायचं, हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. चीड येते, पण समजतंही.

मेहुणी वाळवलेल्या वनस्पतींच्या दुकानात कामाला होती. पानं, मुळ्या, साली, कसली कसली फुलं. बहिणीनं रडगाणं गायल्यावर तिनं एक पुडकं आणून दिलं. "आर्टिचोकची पानं आहेत," ती म्हणाली. "काटेरी झुडूप असतं एक, मोठ्या कळीची भाजी करून खातात म्हणे. आम्ही पानं विकतो. जेवणानंतर उकळून प्यायची. पोटाला हलकं वाटतं, घेऊन जाणारे पुन्हा येतात. पण भाऊजी, हे डॉक्टरच्या बदली नाही हं. तुम्ही ती तपासणी करून घ्याच."

"हंगाम संपू दे," जीभराव म्हणाले.

पहिला कप त्यांनी चाखणीच्या खोलीतल्यासारखाच घेतला. सुर्र करून ओढला, तोंडात फिरवला, फक्त थुंकला नाही. बायको टक लावून बघत होती. "कडू," त्यांनी निकाल दिला. "पण नुसता कडू नाही. मागे वाळलेलं गवत आहे. शेवटाला जरा खारट. माल जुना नाही, बरा वाळवलाय." मग तोंड धुवायला म्हणून पाणी प्यायले आणि थांबले. पुन्हा एक घोट घेतला. "अगं इकडे ये! हा चहा पी आणि वर हे पाणी पी."

तिनं प्यायलं. "अय्या! साखर घातलीत?"

"नळाचं आहे, नळाचं! ती कडू पानं तोंड गोड करून जातात."

दोघं एकाच पेल्यातून पाणी पीत लहान पोरांसारखी हसली. त्या घरात फार दिवसांनी कुणी असं हसलं होतं.

आणि खरोखर आराम पडला. पोट पूर्वीसारखं फुगेना. रात्री उशीला टेकून बसायची वेळ कमी झाली. बायको रोज संध्याकाळी पातेलीत पानं टाकायची, झाकण ठेवायची, गाळून आणून द्यायची. दिवसभर हजार चहा तोंडात घेऊन थुंकणारा माणूस संध्याकाळी एक चहा गिळायचा, यावर मेहुणीनं भरपूर विनोद केले. दुर्बिणीचं नाव हळूहळू कुणी काढेनासं झालं. डॉक्टर एकदा रस्त्यात भेटले तर जीभरावांनी लांबूनच हात हलवला, "बरंय, बरंय!"

हंगाम सुरू झाला आणि दुखणं सकाळीही यायला लागलं. उपाशीपोटी टेबलाशी उभं राहवेना. मग जीभरावांनी आजवर कधी मोडला नव्हता तो नियम मोडला. चाखणीआधी तोंडात काहीही घालायचं नाही हा नियम. बायको म्हणाली, "अहो, सकाळी नको. तुम्हीच तर म्हणता." ते म्हणाले, "उभा तरी राहू दे मला." तिनं मुकाट्यानं पातेली ठेवली.

माल बाजारात गेला आणि परत आला. सगळा नाही, पण एक मोठी मागणी होती, ती परत आली. कुबट वास, कुबट चव. ओलीत राहिलेला माल जीभरावांनी चांगला म्हणून घेतला होता. आधी सगळ्यांनी वखारवाल्याला शिव्या घातल्या. मग मालक स्वतः वरच्या खोलीत आले. मालक म्हातारे होते. जीभराव कामाला लागले तेव्हा दोघांचे केस काळे होते. त्यांनी कारकुनाला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि स्वतःच्या हातानं किटली ठेवली. थोडेच कप मांडले. "यातला एक तो आहे," ते म्हणाले. "दाखवा आणि मोकळे व्हा. मग मी खाली जाऊन वखारवाल्याला बघतो."

जीभराव रांगेवरून गेले. घोट ओढला, थुंकले. पुढचा. पुढचा. शेवटाला पोचले आणि पुन्हा पहिल्या कपाशी आले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. सगळे कप सारखे लागत होते. गरम पाणी आणि त्यात लांबून कुठून तरी आलेला एक मचूळ गोडवा. तोंडचं पाणी पळालं त्यांच्या. अखेर त्यांनी एका कपावर बोट ठेवलं.

मालक खिडकीबाहेर बघायला लागले. "मी दिवसभर विडी ओढणारा माणूस," ते म्हणाले, "माझं तोंड म्हणजे राखदाणी. पण तो पलीकडचा आहे हे मलासुद्धा कळतंय हो."

जीभरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग एकदम आठवलं! ते घाईघाईनं बोलायला लागले. "सकाळी एक चहा घेतो मी. वनस्पतीचा. पोटासाठी. त्यानं तोंड गोड होतं, त्यावर पाणीसुद्धा गोड लागतं. तो चढलाय जिभेवर. दुसरं काही नाही."

"अहो मग मारा गोळी त्या चहाला!" मालक केवढ्यानं ओरडले. आनंदानंच ओरडले. "बंद करा आजपासून. घरी बसा, जीभ आली की या. तोवर मी सांभाळतो कसंतरी." दोघांनाही जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. चोर सापडला होता ना!

घरी जाताना मात्र त्या सुटकेचा राग झाला. दार उघडलं तेव्हा बायको हातात गाळणं घेऊन उभी होती, संध्याकाळचा कप तयार होता. "ओत ते मोरीत!" जीभराव ओरडले. "तू आणि तुझ्या बहिणीनं मिळून खाल्लीत माझी जीभ! आयुष्यभर जपली ती तुमच्या पाल्यानं मारली. आज मालकांसमोर माझी अब्रू गेली, समजलं?" सकाळचा कप आपणच मागून घेतला होता, तिनं नको म्हटलं होतं, हे त्यांना त्या वेळी आठवलं नाही. किंवा आठवलं आणि ते बोलले नाहीत. तिनं कप मोरीत ओतला, पुडकं उचललं आणि तशीच पायांत चपला सरकवून बहिणीच्या दुकानात गेली. तिथं गिऱ्हाइकांसमोर ते पुडकं बहिणीच्या पुढ्यात आपटलं. दोघी बहिणी त्या दिवसापासून बोलायच्या थांबल्या.

मग वाट बघणं सुरू झालं. रोज सकाळी बायको पांढऱ्या कपात साधा कोरा चहा आणून ठेवायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. "आज?" ते मान हलवायचे. नाही. ती कप घेऊन जायची. घरातलं उरलंसुरलं वासाचं सगळं तिनं काढून टाकलं. कपडे धुवायचा साबण बदलला. केस नुसत्या पाण्यानं धुवायला लागली.

जीभरावांचा राग केव्हाच उतरला होता. लाज वाटत होती. ते म्हणायचे, "जाऊ दे गं, होतं असं. मीच मागितला होता सकाळचा." पण आता ती ऐकेना. उलट तीच हिरिरीनं सांगायला लागली. "नाही, माझंच चुकलं. मी दुप्पट पानं टाकायचे. पाणी आटेस्तोवर उकळायचे. किती सांगितलं होतं बहिणीनं, हलका कर म्हणून! मुरलंय ते जिभेत, वेळ लागणारच." शेजारीण आली तरी तेच, वाण्याकडे गेली तरी तेच. मीच घालवली यांची जीभ. ऐकणाऱ्यांनाही नको व्हायचं. जीभरावांना वाटायचं, हिला आपलं बोलणं फार लागलं. आपण त्या दिवशी हिच्या काळजाला डाग दिला आणि आता तो जाता जात नाही.

चहा बंद झाला आणि दुखणं मोकाट सुटलं. जेवण समोर आलं की मळमळायचं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. शर्टाची कॉलर गळ्याभोवती अशी लोंबायची की शर्ट दुसऱ्या कुणाचा वाटावा. एके दिवशी आरशासमोर उभं राहून त्यांनी जीभ बाहेर काढली, बराच वेळ बघितली आणि ठरवलं, चला, मारू दे फवारा. आता हिला जपून करायचंय काय?

बायकोला त्यांनी सांगितलं नाही. कारखान्यात जातो म्हणून निघाले आणि इस्पितळात गेले. फवारा मारला, घसा सुन्न झाला, नळी आत गेली. थोड्या वेळानं घसा पुन्हा जागा झाला. डॉक्टर म्हणाले होते तसंच. एवढ्याशा गोष्टीला आपण भ्यालो होतो, असं मनात आलं आणि त्यांना तिथल्या बाकावर बसून रडू आलं. पुढे आणखी तपासण्या झाल्या, तेव्हाही ते असेच काहीतरी सांगून घरातून निघाले.

निकाल सांगायला तेच गल्लीतले डॉक्टर बसले होते. या वेळी हसले नाहीत. पोटात गाठ होती. बरीच जुनी. आता ती यकृतात पोचली होती, कापून काढण्यासारखी राहिली नव्हती. दुखू नये म्हणून औषधं देता येतील, डॉक्टर म्हणाले, आणि जरा थांबून म्हणाले की पहिल्यांदा आलात तेव्हा बघितलं असतं तर कदाचित. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. जीभरावांनीही करायला लावलं नाही.

"एक विचारू?" जीभराव म्हणाले. "तो आर्टिचोकचा चहा. माझी जीभ त्यानं गेली ना?"

"छे! त्याचा गोडवा थोडा वेळ राहतो आणि जातो. तुम्ही तर केव्हाच बंद केलाय. अशा आजारात चव जाते बऱ्याच जणांची. जीभ आजारानं गेली. चहानं तुमचं काही वाईट केलं नाही. थोडा आराम वाटला असेल, तेवढाच." मग डॉक्टरांनी खाली बघितलं. "त्या आरामावर तुम्ही एवढे दिवस काढलेत, एवढंच वाईट झालं."

जीभराव रस्त्यानं चालत निघाले. बसमध्ये चढायचं भान नव्हतं. आभाळ कोसळलं होतं खरं, पण माणसाचं मन बघा, त्यातही त्याला धरायला काहीतरी लागतं. चालता चालता त्यांना धरायला एक गोष्ट सापडली. बायकोचा काही दोष नव्हता! डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं. तिनं काहीच घालवलं नव्हतं. ती उगाच स्वतःला जाळत होती. निदान हे ओझं आज तिच्या डोक्यावरून उतरवता येईल, बहिणी बहिणी पुन्हा बोलायला लागतील. बाकीचं मग सांगू, हळूहळू सांगू. त्यांनी वाक्यं जुळवली. सगळ्या निकालातली ती एकच चांगली बातमी होती आणि ती घेऊन ते जवळजवळ लगबगीनं जिना चढले.

बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ते तिच्यासमोर बसले. "हे बघ, मी डॉक्टरांना विचारून आलोय. तुझ्या चहानं काही झालेलं नाही. मुळीच नाही. त्याचा अंमल तेव्हाच उतरला. तुझ्या हातून काही चुकलं नाही."

तिच्या हातातली घडी अर्धवट राहिली. तिचा चेहरा उजळेल असं त्यांना वाटलं होतं. तो पांढराफटक पडला.

"मग कशानं गेली?" तिनं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी जुळवलं नव्हतं. वास्तविक हाच प्रश्न येणार होता, दुसरा कुठला येणार? ती त्यांच्या गळ्याकडे, त्या सैल कॉलरकडे बघत होती. ती ते आज पहिल्यांदा बघत नव्हती.

"गाठ आहे," अखेर ते म्हणाले. "पसरलीय."

"खोटं आहे."

"अगं, दुर्बिणीनं—"

"खोटं आहे! त्यांना काय ठाऊक मी किती पानं टाकायचे? त्यांनी बघितलं होतं का येऊन? तो चहाच होता." तिनं त्यांच्या शर्टाची बाही दोन्ही हातांनी धरली. "रोज सकाळी कप ठेवताना मी मनात म्हणायचे, माझ्या हातून झालेलं असू दे. माझ्या हातून झालेलं असलं तर उतरेल. पाच माणसांत सांगत सुटले, मीच केलं, मीच केलं. सगळ्यांना पटलं होतं. आणि तुम्ही चाललात ते काढून घ्यायला? नका हो माझ्यावरचा आळ काढू. पाया पडते, राहू दे माझ्यावर."

एवढे दिवस आपण हिला ओळखलंच नाही, हे जीभरावांना लख्ख कळलं. मांडीवरचे कपडे बाजूला करून ते तिच्याजवळ सरकले आणि तिचं डोकं त्यांनी खांद्याशी घेतलं.

"फार कडक करायचे मी," ती म्हणाली. "करायचे ना?"

"हो," जीभराव म्हणाले. "फार कडक करायचीस."